टक्के, पण कशाचे? धंद्याच्या हिशोबातले अपूर्णांक आणि टक्केवारी, पायरी-पायरीने

धंद्यात टक्केवारीचं गणित जिथे फसतं तिथे नीट बघा, गुणाकार बहुतेक वेळा बरोबरच असतो, कॅल्क्युलेटर थोडीच चुकणार आहे, पण टक्के नेमके कशाचे काढायचे हेच डोक्यात पक्कं नसतं. कॉस्टचे की विक्रीचे, डिस्काउंटच्या आधीच्या रकमेचे की नंतरच्या, टॅक्स धरून की टॅक्स सोडून. ही जी "कशाचे" वाली रक्कम असते तिला आपण पाया म्हणू, आणि या अख्ख्या लेखात मी तुम्हाला तोच एक प्रश्न परत परत विचारायला लावणार आहे, कंटाळा आला तरी. चलन कुठलंही असलं तरी हिशोब तोच राहतो म्हणून खाली सगळीकडे नुसते आकडे घेतलेत. कागद-पेन घेऊन बसा, वाचून सोडून दिलंत तर दोन दिवसात विसराल.

आधी अपूर्णांक, कारण टक्का हा अपूर्णांकच आहे

खालचा आकडा छेद, वरचा अंश, एवढं शाळेतलं आठवत असेलच. छेद सांगतो एका पूर्ण गोष्टीचे किती सारखे भाग केले, अंश सांगतो त्यातले आपण किती घेतले. टक्क्यात फक्त छेद कायमचा १०० ठरवून टाकलाय, म्हणजे तुलना सोपी जाते. ही पद्धत जुनीच आहे, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात लिलावात विकल्या जाणाऱ्या मालावर १/१०० कर होता, म्हणजे आजच्या भाषेत १ टक्का सेल्स टॅक्सच की.

धंद्यात अपूर्णांक सगळ्यात जास्त दिसतो तो पार्टनरशिपमध्ये. समजा तीन पार्टनर आहेत, पहिल्याचा हिस्सा १/३, दुसऱ्याचा १/४, उरलेला तिसऱ्याचा, आणि नफा झाला ९०,०००. आता १/३ आणि १/४ ची बेरीज करायला छेद सारखे करावे लागतात, कारण वेगवेगळ्या मापाचे तुकडे थेट मोजता येत नाहीत. ३ आणि ४ दोघांनीही भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या १२ (हाच तो लसावि), म्हणून

१/३ = ४/१२
१/४ = ३/१२
बेरीज ७/१२, म्हणजे तिसऱ्याला उरले ५/१२

आता ९०,००० ला १२ ने भागलं की एक भाग ७,५०० चा येतो, मग पहिल्याला ४ भाग म्हणजे ३०,०००, दुसऱ्याला ३ भाग म्हणजे २२,५००, तिसऱ्याला ५ भाग म्हणजे ३७,५००. बेरीज करून बघा, बरोब्बर ९०,०००. वाटणीच्या हिशोबात ही शेवटची बेरीज टाळायची नाही, दहा सेकंद लागतात आणि पुढची भांडणं वाचतात.

आता यात थोडा ट्विस्ट टाकू. पार्टनर म्हणाले आधी नफ्याचा १/१० भाग बाजूला ठेवायचा आणि मग उरलेला वाटायचा. इथे पाया बदलला! पहिल्याला आता ९०,००० चा १/३ मिळणार नाही, ९०,००० मधून ९,००० गेल्यावर जे ८१,००० राहतात त्याचा १/३ मिळणार, म्हणजे २७,०००. थेट काढायचं असेल तर ९/१० चा १/३, आणि दोन अपूर्णांकांच्या मध्ये "चा" आला की तिथे गुणाकार करायचा: ९/१० × १/३ = ९/३० = ३/१०. ९०,००० चे ३/१० म्हणजे २७,०००. जुळलं.

भागाकाराबद्दल फार सांगत नाही, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं बस. ४५ मीटरच्या रोलमधून पाऊण मीटरचे किती तुकडे निघतील? ४५ ÷ ३/४ म्हणजे ४५ × ४/३ = ६०. उत्तर ४५ पेक्षा मोठं आलं म्हणून दचकू नका, तुकडे एक मीटरपेक्षा लहान आहेत तर संख्या जास्त येणारच.

आणि एक सवय लावून घ्या, आधी भागायचं, मग गुणायचं. ६,४०० चे ३/८ काढायला ६,४०० × ३ करत बसू नका, ८ ने भागा, ८०० आले, तिप्पट करा, २,४००. तोंडी होतं. भाग नीट जात नसेल तेव्हा मात्र उलटं करा, आधी गुणा आणि भागाकार शेवटी ठेवा, नाहीतर मध्येच दशांश कापले जातात.

अपूर्णांकातून टक्के, टक्क्यातून अपूर्णांक

अंशाला छेदाने भागलं की दशांश मिळतो, त्याला १०० ने गुणलं की टक्के. ३/८ म्हणजे ३ ÷ ८ = ०.३७५ = ३७.५ टक्के. उलट जाताना टक्क्याखाली १०० लिहायचे आणि काटछाट करायची, ३५ टक्के म्हणजे ३५/१०० म्हणजे ७/२०. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर तर १९९७ पर्यंत शेअरचे भाव डॉलरच्या आठव्या भागात सांगायचे, मग सोळाव्या भागात आले, आणि २००१ मध्ये कुठे सगळा व्यवहार दशांशात गेला. १/८ डॉलर म्हणजे साडेबारा सेंट, एवढ्या मोठ्या बाजारात इतकी वर्षं लोक हेच रूपांतर डोक्यात करत होते.

आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे तोंडात असतंच, त्यामुळे निम्मं काम झालेलं आहे: पाव २५ टक्के, पाऊण ७५, सव्वापट म्हणजे मूळ रकमेचे १२५ टक्के, दीडपट १५०. त्याशिवाय एवढे पाठ करा, खरंच पाठ करा:

१/३ = ३३.३३
१/५ = २०
१/६ = १६.६७
१/७ = १४.२९
१/८ = १२.५
१/९ = ११.११
१/११ = ९.०९
१/१२ = ८.३३

यातले ३३.३३ वगैरे आकडे पूर्ण नाहीत, कापलेले आहेत, हे विसरू नका. ९,००,००० चे ३३.३३ टक्के काढले तर २,९९,९७० येतात, आणि १/३ काढला तर बरोब्बर ३,००,०००. तीसचा फरक. रक्कम लहान असेल तर कुणी विचारत नाही, पण वाटणीच्या कागदावर "३३.३३ टक्के" ऐवजी "एक तृतीयांश" लिहिलेलं कधीही चांगलं, तिघांचे ३३.३३ मिळवले तर ९९.९९ च होतात, उरलेला ०.०१ टक्का कुणाचा?

अजून एक जागा जिथे धडाधड चुका होतात ती म्हणजे एक टक्क्यापेक्षा लहान दर. अर्धा टक्का म्हणजे ०.५ टक्के, दशांशात ०.००५. तो काही "अर्धा" नाही. ४०,००० चा अर्धा टक्का २०० होतो, अर्धे २०,००० होतात. फी किंवा कमिशनच्या करारात ०.५ आणि ०.५ टक्के यातलं चिन्ह गळालं तर काय होईल बघा.

तीनच प्रश्न असतात

टक्केवारीचा कुठलाही प्रश्न घ्या, त्यात तीन गोष्टी असतात: पाया, दर आणि भाग. भाग = पाया × दर. तीनपैकी दोन माहीत असतात, तिसरी काढायची असते.

भाग काढायचा: २,४०० चे १५ टक्के किती? तोंडी करा, १० टक्के म्हणजे २४०, त्याच्या निम्मे म्हणजे ५ टक्के १२०, मिळून ३६०. दहा टक्के, एक टक्का आणि त्यांची दुप्पट-निम्मी एवढ्यावर बहुतेक सगळे दर जमतात, १८ टक्के हवे असतील तर २० टक्के काढून त्यातून २ टक्के वजा करा.

दर काढायचा: २,४०० पैकी ३६० म्हणजे किती टक्के? ३६० ÷ २,४०० = ०.१५, म्हणजे १५ टक्के. इथे भागाकार कुणाला कुणाने हे ज्याला कळत नाही त्याने "पैकी"च्या आधी काय आहे ते बघावं, तो पाया, तो खाली जातो.

पाया काढायचा: ३६० म्हणजे १५ टक्के, तर पूर्ण रक्कम किती? हे साधं त्रैराशिक आहे, १५ ला ३६० तर १ ला २४ तर १०० ला २,४००. किंवा थेट ३६० ÷ ०.१५.

एक गंमत सांगतो, उपयोगाची आहे. २५ चे १६ टक्के काढणं अवघड वाटतं ना, पण १६ चे २५ टक्के म्हणजे १६ चा पाव, म्हणजे ४. दोन्हीचं उत्तर एकच येतं, कारण गुणाकारात आकडे मागेपुढे केले तरी फरक पडत नाही. ५० चे ४८ टक्के? ४८ चे निम्मे, २४.

वाढ आणि घट: बेरीज-वजाबाकी सोडा, गुणायला लागा

वाढ १२ टक्के असेल तर टक्के वेगळे काढून मिळवत बसण्यापेक्षा थेट १.१२ ने गुणा. घट १२ टक्के असेल तर ०.८८ ने. ३ टक्के वाढीला १.०३ येतं हां, १.३ नाही, १.३ म्हणजे ३० टक्के झाले.

या गुणकाचा खरा फायदा दिसतो तो एकामागून एक बदल आले की. किंमत १,०००, ती २० टक्के वाढवली, मग २० टक्के कमी केली, तर कुठे आलो? लोक म्हणतात जागेवरच. पण १,००० × १.२ = १,२०० आणि १,२०० × ०.८ = ९६०. चाळीस गायब. कारण वाढ १,००० वर होती आणि घट १,२०० वर, पाया मध्येच बदलला, नाव मात्र दोघांचंही "२० टक्के".

तसंच "२० टक्के आणि वर आणखी १० टक्के डिस्काउंट" म्हणजे ३० टक्के होत नाही, ०.८ × ०.९ = ०.७२, म्हणजे २८ टक्केच डिस्काउंट मिळाला. दहा आधी आणि वीस नंतर दिला तरी २८ च.

आता इथे जरा थांबा, कारण पुढचा नियम तुम्हाला दोन ठिकाणी लागणार आहे. विक्री २५ टक्क्यांनी पडली, तर परत जागेवर यायला किती टक्के वाढ पाहिजे? २५ नाही, ३३.३३. टक्क्यात हे विचित्र दिसतं पण अपूर्णांकात लिहिलं की लख्ख कळतं: पूर्ण गोष्टीतून १/४ गेला, उरले ३/४, म्हणजे तीन तुकडे. गेलेला एक तुकडा परत आणायचाय, पण आता मोजायला हातात तीनच तुकडे आहेत, म्हणून तो या तिघांचा १/३ झाला. म्हणजे १/४ खाली गेलं तर १/३ वर यावं लागतं, १/५ खाली तर १/४ वर, १/१० खाली तर १/९ वर. छेदातून एक कमी करायचा, बस. आणि निम्मं पडलं, १/२, तर १/१ वर यायला लागतं, म्हणजे दुप्पट, १०० टक्के वाढ.

टॅक्स धरून रक्कम दिली असेल तर

बिलाची टोटल १,२००, त्यात २० टक्के टॅक्स धरलेला आहे, मूळ किंमत किती? १,२०० चे २० टक्के म्हणजे २४० वजा केले आणि ९६० सांगितले की चूक, हे तेच वरचं २० वर २० खाली झालं. टॅक्स मूळ किमतीवर लागलाय, १,२०० वर नाही. मूळ × १.२ = १,२००, म्हणून मूळ = १,२०० ÷ १.२ = १,०००, टॅक्स २००.

वाढवताना ज्याने गुणलं त्यानेच उलट येताना भागायचं. आणि रोज एकाच दराचं काम असेल तर टॅक्सचा अपूर्णांक एकदाच काढून ठेवा: १०० ची वस्तू १२० ला जाते, त्यात टॅक्स २०, म्हणजे २०/१२० = १/६. मग टॅक्ससकट कुठलीही रक्कम ६ ने भागली की आतला टॅक्स हातात, १,२०० ÷ ६ = २००. दर २५ टक्के असेल तर हाच अपूर्णांक १/५ येतो. मघाचाच नियम, फक्त उलट दिशेने, छेदात एक वाढवलाय.

मार्कअप आणि मार्जिन, इथेच खरे पैसे जातात

माझं मत विचाराल तर धंद्याच्या गणितात एवढा एकच भाग शिकायला वेळ असेल तर हा शिका, बाकीचं राहिलं तरी चालेल.

वस्तू ८०० ला पडली, १,००० ला विकली, नफा २००. हे २०० कॉस्टच्या मानाने बघितले तर २००/८०० = २५ टक्के, हा मार्कअप. विक्रीच्या मानाने बघितले तर २००/१,००० = २० टक्के, हे मार्जिन. नफा तोच, खिशात येणारे पैसे तेच, पाया वेगळा. आता समोरचा "मी २५ टक्क्यांवर काम करतो" म्हणाला तर तो कुठल्या २५ बद्दल बोलतोय ते विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका.

अपूर्णांकात बघा: मार्कअप १/४, मार्जिन १/५. मार्कअप १/३ तर मार्जिन १/४. मार्कअप १/२ तर मार्जिन १/३. मार्कअपच्या छेदात एक वाढवा की मार्जिन, मार्जिनच्या छेदातून एक काढा की मार्कअप. परत तोच नियम! दर असा सरळ १/कितीतरी मध्ये बसत नसेल तर मग मार्कअप = मार्जिन ÷ (१ − मार्जिन), म्हणजे ४० टक्के मार्जिनला ०.४ ÷ ०.६, जवळपास ६६.६७ टक्के मार्कअप.

चूक कशी होते ते बघू. कॉस्ट ७००, मालकाने सांगितलं ३० टक्के मार्जिन पाहिजे, आणि रेट काढणाऱ्याने ७०० × १.३ करून ९१० लावले. नफा २१०, पण विक्रीच्या मानाने २१०/९१० म्हणजे २३ टक्केच. वर्षभर सगळ्या मालाला हाच रेट गेला की वर्षाच्या शेवटी सगळे डोकं खाजवतात की ३० लावले होते मग २३ कसे दिसतायत, कुणी चोरी तर करत नाही ना. कुणी नाही करत. बरोबर पद्धत: विक्री १०० टक्के, त्यातलं मार्जिन ३०, म्हणजे कॉस्ट ही विक्रीच्या ७० टक्के, म्हणून विक्री = ७०० ÷ ०.७ = १,०००.

झटपट ओळखायची खूण म्हणजे मार्कअप कितीही वर जाऊ शकतो, २०० ची वस्तू १,००० ला विकली तर मार्कअप ४०० टक्के, पण मार्जिन ८०, आणि मार्जिन १०० पर्यंत कधीच पोचत नाही जोवर कॉस्ट काहीतरी आहे.

याला जोडूनच डिस्काउंट. "दहा टक्केच तर सोडले" असं म्हणतात ना, तर हिशोब करा. विक्री १००, कॉस्ट ७०, नफा ३०. दहा टक्के सोडले, विक्री ९०, कॉस्ट ७० च, नफा २०. किमतीतून दहा टक्के गेले पण नफ्यातून एक तृतीयांश गेला. पहिल्याइतकाच एकूण नफा हवा असेल तर नग किती जास्त विकायला लागतील? ३० ÷ २० = १.५, म्हणजे दीडपट, ५० टक्के जास्त. सूत्र पाहिजे तर डिस्काउंट ÷ (मार्जिन − डिस्काउंट), १० ÷ २० = ५० टक्के. आणि मार्जिन मुळात २० च असेल तर १० ÷ १० = १०० टक्के, दुप्पट माल विकून नफा जिथल्या तिथे. उलट बाजूने, ३० मार्जिनवर किंमत १० टक्के वाढवली तर नगामागे नफा ४० होतो, म्हणजे पाव गिऱ्हाईक गेलं तरी नफा तेवढाच राहतो. मी असं म्हणत नाही की डिस्काउंट देऊच नका, जुना स्टॉक काढायला द्यावाच लागतो, पण द्यायच्या आधी हे दोन भागाकार करा.

टक्के आणि टक्के-पॉइंट

व्याजदर ८ वरून १० टक्के झाला. वाढ किती? २ टक्के-पॉइंट, पण टक्क्यात बघितलं तर २/८ म्हणजे २५ टक्के वाढ. दोन्ही खरं आहे, आणि ज्याला जे सोयीचं ते तो सांगतो. बँकिंगमध्ये हा घोळ नको म्हणून बेसिस पॉइंट वापरतात, एक टक्के-पॉइंटचे १०० बेसिस पॉइंट, म्हणजे ही वाढ २०० बेसिस पॉइंटची.

टक्क्यांची सरासरी पण अशीच फसवी. एका मालाची विक्री १,००,००० आणि मार्जिन १० टक्के, दुसऱ्याची विक्री १०,००० आणि मार्जिन ५० टक्के, सरासरी ३० म्हणायची का? अजिबात नाही. नफा १०,००० + ५,००० = १५,०००, विक्री १,१०,०००, मार्जिन १३.६४ टक्के. पाया वेगवेगळा असेल तर टक्के मिळवायचे नाहीत, आधी रकमा मिळवायच्या आणि मग एकदाच टक्के काढायचे.

व्याज, थोडक्यात

महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४, हे फक्त सरळव्याजात. व्याजावर व्याज लागत असेल तर १.०२ बारा वेळा गुणायचं, येतं १.२६८२, म्हणजे २६.८२ टक्के.

फ्लॅट रेटवर जरा जास्त लक्ष द्या. १२,००० कर्ज, १० टक्के फ्लॅट, एक वर्ष, बारा हप्ते: व्याज १,२००, हप्ता १,१००. ऐकायला दहा टक्के, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करताय, पूर्ण १२,००० तुमच्याकडे फक्त पहिला महिना होते, आणि व्याज मात्र वर्षभर १२,००० वर मोजलंय. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर हाच दर वर्षाला जवळपास १८ टक्के पडतो. दोन कर्जांची तुलना करताना एक फ्लॅट आणि दुसरं घटत्या शिलकीवर असेल तर दर शेजारी-शेजारी ठेवून काही अर्थ नाही.

सप्लायरच्या बिलावर कधी अशी अट असते की १० दिवसात पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसात पूर्ण. दोन टक्के किरकोळ वाटतात ना? सूट सोडली तर तुम्ही ९८ वापरायला २० दिवस जास्त घेताय आणि त्याचे २ देताय. २/९८ = २.०४ टक्के, तेही फक्त २० दिवसांचे, वर्षाला ३६५/२० ने गुणलं की ३७ टक्क्यांच्या वर. यापेक्षा कमी दराने उधार मिळत असेल तर ते घेऊन सूट पदरात पाडून घेतलेली बरी.

एक्सेल आणि कॅल्क्युलेटर

एक्सेलमध्ये १५% टाइप केलं तर आत ०.१५ साठवलं जातं, दिसताना फक्त १५% दिसतं. म्हणून फॉर्म्युल्यात परत १०० ने भागायचं नाही. आणि सेलमध्ये आधीच साधा १५ असेल आणि नंतर त्याला पर्सेंट फॉरमॅट लावलं तर तो १५००% होतो, घाबरू नका, १०० ने भागा किंवा परत टाइप करा. बदलाचे टक्के काढताना (नवा − जुना) ÷ जुना, कंस विसरलात तर आधी भागाकार होतो आणि उत्तर भलतंच येतं. कॅल्क्युलेटरवरचं % बटण वेगवेगळ्या मशीनवर थोडं वेगळं वागतं, नवीन मशीन हातात आलं की आधी १०० + १० % करून ११० येतात का बघा, त्यापेक्षा १.१ ने गुणायची सवय बरी.

राउंडिंग सगळ्यात शेवटी, एकदाच. प्रत्येक पायरीला पूर्णांक करत गेलात तर शेवटची टोटल बिलाशी जुळणार नाही.

आता सगळं एकत्र: एक कोटेशन

कॉस्ट ५,२००. एजंटला विक्रीच्या ५ टक्के कमिशन. आपल्याला विक्रीच्या ३० टक्के नफा हवाच. कस्टमर २० टक्के डिस्काउंट मागणार हे माहीत आहे. वर १५ टक्के टॅक्स.

पहिली पायरी, प्रत्येक टक्क्यापुढे पाया लिहा. कमिशन आणि नफा दोन्ही डिस्काउंटनंतरच्या विक्रीवर, डिस्काउंट लिस्ट प्राइसवर, टॅक्स डिस्काउंटनंतरच्या रकमेवर.

दुसरी, विक्री १०० धरा. त्यातून ५ कमिशन, ३० नफा, उरले ६५, ती कॉस्ट. म्हणून विक्री = ५,२०० ÷ ०.६५ = ८,०००.

तिसरी, लिस्ट प्राइस. २० टक्के सोडल्यावर ८,००० राहिले पाहिजेत, ८,००० ÷ ०.८ = १०,०००.

चौथी, टॅक्स ८,००० × ०.१५ = १,२००, बिल ९,२००.

पाचवी, उलट तपासा. ९,२०० ÷ १.१५ = ८,०००, त्यातून कमिशन ४००, कॉस्ट ५,२००, उरले २,४००, आणि २,४००/८,००० = ३० टक्के. जमलं.

हेच जर कुणी ५,२०० × १.३५ करून ७,०२० लावले असते तर कमिशन ३५१ गेल्यावर हातात १,४६९ राहिले असते, म्हणजे २१ टक्क्यांच्याही किंचित खाली.

स्वतः करून बघायला चार गणितं, उत्तरं लगेच खाली आहेत पण आधी बघू नका.

१. विक्री साडेबारा टक्के पडली, जागेवर यायला किती टक्के वाढ लागेल?
२. २५ टक्के टॅक्स धरून बिल ६,५००, त्यात टॅक्स किती?
३. मार्जिन ४० टक्के आहे, १५ टक्के डिस्काउंट दिला, नफा तेवढाच ठेवायला नग किती टक्के जास्त विकायला लागतील?
४. १० टक्के डिस्काउंट लागोपाठ तीन वेळा दिला, एकूण किती टक्के गेले?

उत्तरं: पहिल्याचं १४.२९ टक्के, कारण १/८ खाली म्हणजे १/७ वर. दुसऱ्याचं १,३००, पाचने भागलं की झालं. तिसऱ्याचं १५ ÷ २५, म्हणजे ६० टक्के. चौथ्यात ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणून २७.१ टक्के.